स्पर्धा नाही, मग चित्रं कशाला?

सभागृहासाठी अर्ज दिलात की दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्याच. ‘झालं समजा मॅडम’ यावर विसंबून राहू नका.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या इंदिरानगरातल्या मुलांना घेऊन गमतीचे चेहरे काढायचे होते. पिकासोने १९३७ साली त्याची मैत्रीण डोरा मार हिला रंगवलं तसे, अर्धं तोंड समोरून, अर्धं बाजूनं, रंग वाट्टेल ते. कागद, ऑइल पेस्टल सगळं मेन रोडवर मिळालं. अडलं ते जागेपाशी. जवळच एक सार्वजनिक सभागृह आहे, भाडंही माफक.

खिडकीतल्या भाऊसाहेबांनी अर्ज वाचला.

“कुठली स्पर्धा?”

“स्पर्धा नाही. मुलं नुसती चित्रं काढणार.”

“नुसती म्हणजे? परीक्षक कोण, बक्षिसं किती, ते लिहा. रकाना रिकामा चालत नाही.”

मी नमुन्याचं चित्र पुढे केलं. त्यांनी ते टेबलाच्या काचेवर ठेवून नाकावर पेन टेकवलं. “हे आडवं गेलंय. आणि डोळा कानापाशी! हे शिकवणार?” शेजारच्या बाईंची मुलगी ड्रॉइंगच्या परीक्षांना बसलेली. त्या म्हणाल्या, “इंटरमिजिएटचे दहावीला मार्क तरी मिळतात. याचं काय मिळणार?”

पुढच्या खेपेला साहेब मीटिंगला. नंतर फाइल वर गेलेली, मग खाली आलेली, मग कुणाच्या तरी कपाटात, आणि किल्ली रजेवर. पोच होती म्हणून आवाज चढवता आला. मला परीक्षकांची खोटी नावं भरायची नव्हती. शेवटी साहेबांनीच लाल शाईनं शेरा मारला: ‘चित्रकला स्पर्धा (विनाबक्षीस)’. यावर हसावं की रडावं!

प्रत्यक्ष कार्यक्रम मात्र मजेत पार पडला. कपाळापासून हनुवटीपर्यंत नाकाच्या वळणानं एक रेघ मारायची, की कागदाचे दोन चेहरे होतात. एक डोळा समोरचा, एक बाजूचा. खोडरबर दारातच काढून घ्या, नाहीतर मुलं तासभर एकच नाक खोडत बसतात. एका चिमुरडीनं आजीचं नाक हिरवं केलं आणि नथ थेट गालाबाहेर लोंबवली. “काकू, आजी ओरडते ना, तेव्हा ती अश्शी हलते.”

हो, आधी पेस्टल, मग जलरंग. तेलकट रेघेवर पाणी थांबत नाही, त्यामुळे रेघा उठून दिसतात. उलटं केलंत तर ओल्या कागदावर पेस्टल धरत नाही. आणि कागदाच्या चारी कडा मास्किंग टेपनं पॅडला चिकटवा, नाहीतर कागद पापडासारखा वळतो.

घ्यायला आलेल्या दोघातिघा आयांनी विचारलंच, “नंबर कोणाचा आला?” त्यांचं मी समजू शकते. पण डिपॉझिट परत मागायला गेले तर खिडकीतूनही तेच: विजेत्यांची यादी जोडा. मी जोडलेली नाही. डिपॉझिट अजून तिकडेच आहे.