बंबाचा धूर

आमच्या जुन्या घराच्या परसात तांब्याचा बंब होता आणि मला न्हाऊ घालण्यापूर्वी आजी त्यात करवंट्या व ढलप्या घालून पाणी तापवत असे. मी दीड वर्षाचा असताना ते घर सुटले. त्या परसातले एकही दृश्य मला आठवत नाही. मात्र आजही एखाद्या गावी पहाटे करवंटीचा धूर नाकात शिरला की जीव कसा निवांत होतो. प्रसंग पुसला गेला आणि भावना तेवढी उरली, असे होऊ शकते का, या एका प्रश्नापायी मी उतारवयात मानसशास्त्राची प्राथमिक पुस्तके उघडली.

बहुतेकांची पहिली आठवण तीन ते साडेतीन वर्षांच्या सुमाराची असते. त्याआधी मेंदू काही टिपतच नाही, असा समज सोयीचा असला तरी खरा नाही. कॅरोलिन रोव्ही-कोलिअर या अमेरिकी संशोधिकेने तान्ह्या बाळाच्या घोट्याला रिबीन बांधून तिचे दुसरे टोक पाळण्यावरच्या चिमणाळ्याला जोडले. पाय झाडला की चिमणाळे हलते, हे बाळे थोड्याच वेळात शिकली. तीन महिन्यांच्या बाळांना ते सुमारे आठवडाभर, तर सहा महिन्यांच्या बाळांना सुमारे दोन आठवडे लक्षात राहिले. म्हणजे आठवण बनते, पण टिकत नाही. कुठे, केव्हा आणि कोणाबरोबर, हे धागे एकत्र बांधणारा मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भाग सावकाश पक्व होतो, शिवाय त्या वयात तेथे नव्या पेशींची भर झपाट्याने पडत असते. टोरंटोच्या संशोधकांनी २०१४ मध्ये उंदरांवर दाखवले की, ही भर जुन्या आठवणी विस्कटते. पिल्लांमध्ये ती कमी केली, तेव्हा आठवणी अधिक काळ टिकल्या.

भावनेचे खाते मात्र काहीसे वेगळे असते. जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांनी स्मृती गमावलेल्या एका रुग्ण स्त्रीशी हस्तांदोलन करताना हातात टाचणी लपवली होती. पुढे तिला तो प्रसंग आठवेना, तरी ती हात पुढे करीना. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेली ही हकिकत प्रौढ स्त्रीची आहे, बाळाची नव्हे, पण ती वाचताना मला माझा बंब आठवला, हे कबूल करतो.

अर्थात, अशा कबुलीत धोका आहे. बालविकासावर आयुष्य घालवलेल्या जाँ पियाजे यांना, दोन वर्षांचे असताना बाबागाडीतून आपल्याला पळवून नेण्याचा प्रयत्न झाला, हे स्पष्ट ‘आठवत’ होते. दाईच्या चेहऱ्यावरचे ओरखडेसुद्धा त्यांना दिसत. ते पंधरा वर्षांचे झाल्यावर दाईने पत्र पाठवून तो बनाव असल्याचे सांगितले आणि बक्षीस मिळालेले घड्याळ परत केले. घरात वारंवार ऐकलेल्या गोष्टीचे त्यांच्या मनाने चित्र करून टाकले होते. बंबाची गोष्ट मीही आईच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकली आहे.

म्हणून गेल्या महिन्यात आत्याला मुद्दाम विचारले. ती हसून म्हणाली, “अरे, बंब पेटला की तुझ्या डोळ्यांत धूर जायचा आणि तू भोकाड पसरायचास. शेवटी वहिनी तुला उचलून ओसरीवर घेऊन बसायची, तेव्हा कुठे गप्प व्हायचास.”