‘फक्त बिअर’

घणसोलीत माझा दातांचा दवाखाना आहे. मावा, गुटखा, मिश्री लावलेली तोंडं रोजचीच, त्यामुळे जिभेला जखम दिसली की पहिला प्रश्न तंबाखूचा. त्या शनिवारी खुर्चीत बसलेल्या गृहस्थांनी ठाम नकार दिला. बायको म्हणाली, "मॅडम, सुपारीचं खांडसुद्धा खात नाहीत हो." आणि दारू? "छे, फक्त बिअर."

जखम जिभेच्या डाव्या कडेला, जरा मागे. दाढेचं टोक घासून झालेला व्रण मऊ असतो, टोक घासून दिलं की दोनेक आठवड्यांत भरतो. हा बोटाला टणक लागला, कडा उचललेल्या, आणि दुखत जवळजवळ नव्हता. ते न दुखणंच मला खटकलं. जबड्याखाली गाठही लागली.

मग बिअरचा हिशोब मांडला. रोज रात्री स्ट्राँगची एक मोठी बाटली, कित्येक वर्षं. ६५० मिली, आठ टक्के. म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल, व्हिस्कीच्या ३० मिलीच्या चार पेगांएवढं. "रोज चार पेग?" बायकोने दोनदा विचारलं.

बिअर असो, वाइन असो की देशी, शरीरात तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. तोंडातले जंतूसुद्धा ते तिथल्या तिथे तयार करतात आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरवलं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, बायकांमध्ये स्तन, एवढ्या ठिकाणच्या कॅन्सरशी आज दारूचा संबंध मानला जातो. या गृहस्थांना दारूमुळेच कॅन्सर झाला असं मी म्हणणार नाही, एकेका माणसाबाबत ते सिद्ध करता येत नाही. पण तंबाखू नाही म्हणजे निर्धास्त, हा समज मी रोज ऐकते आणि रोज खोडते.

बायोप्सीत, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीत, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे जिभेचा कॅन्सर निघाला. रिपोर्ट घ्यायला त्यांचा धाकटा भाऊ आला. "आता सोडून काय उपयोग, मॅडम?" उपयोग आहे. दारू सोडल्यावर तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, असं याच संस्थेने २०२३ मध्ये पुरावे तपासून सांगितलंय. भावाला आधी ऑन्कोसर्जनकडे, म्हणजे कॅन्सरच्या सर्जनकडे न्या म्हटलं, चिठ्ठी दिली.

मग विचारलं, "तुम्ही?" बिअर तोही पितो, वर गुटखा. ही जोडी सगळ्यात वाईट, दारू आणि तंबाखू दोन्हींचा धोका नुसता बेरजेने नाही, गुणाकाराने चढतो. तिथेच खुर्चीत बसवून तोंड उघडायला लावलं. उजव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता, खरवडून निघेना. त्याचीही बायोप्सी ठरवली.