जयपूरचं जंतरमंतर: निघण्याआधी गोव्यात ध्रुव मोजून ठेवा

नाताळ जवळ आला की गोव्यातल्या रस्त्यांवर गाड्यांची रीघ लागते, म्हणून आम्ही फोंड्याची मंडळी त्याच सुट्टीत बाहेर पडतो. या खेपेला जयपूर ठरलं. मडगावहून मरुसागर एक्स्प्रेस थेट जाते, पण आठवड्यातून एकदाच. तिकीट वेळेत काढा.

जंतरमंतर या तिथल्या दगडी यंत्रांच्या वेधशाळेत आकाशदर्शनासाठी जाणार असाल तर आधीच सांगतो, तिथे दुर्बीण नाही आणि अंधार पडायच्या आत दारं बंद होतात. ध्रुवदर्शक पट्टिकेच्या तिरक्या कडेवरून ध्रुव बघायची सोय ती बांधणाऱ्या राजा सवाई जयसिंगाने करून ठेवलीय, पण ध्रुव दिसायच्या वेळी आपण फाटकाबाहेर! पणजीच्या जुन्ता हाउसच्या गच्चीवर दुर्बिणीतून शनीची कडी पाहिलेल्यांचा त्यामुळे विरस होईल. ही वेधशाळा उन्हातच बघायची, आणि सकाळी लवकर.

घरून निघण्याआधी एक करा. हात लांब करून क्षितिजापासून ध्रुवापर्यंत मुठीवर मूठ रचत जा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. गोव्यात दीड मूठ भरते, तीही माडांनी बघू दिलं तर. जयपुरात पावणेतीन. हे डोक्यात असलं की बृहत् सम्राट यंत्र या भल्यामोठ्या सूर्यघड्याळासमोर गाइडची गरज पडत नाही. सुमारे २७ मीटर उंचीची ही भिंत क्षितिजाशी २७ अंशांचा कोन करून चढते आणि तिची कड थेट ध्रुवाकडे रोखलेली आहे. तेच दगडी गणित गोव्यात बांधलं असतं तर भिंत जेमतेम साडेपंधरा अंश चढली असती.

सकाळी सावली पश्चिमेच्या कमानीवर पडते. तिथे थांबा, फोटो नंतर. सावली सेकंदाला मिलिमीटरभर, म्हणजे मिनिटाला सहा सेंटिमीटरांहून जास्त सरकते. भाचा ओरडला, "मामा, ही तर चालतेय!" जवळून पाहिलं तर सावलीची कड मात्र चांगलीच धूसर दिसते, कारण सूर्य हा काही ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे. नेमकी वेळ कुठे वाचायची यावर आमच्यात बराच वाद झाला.

वाचलेली वेळ घड्याळाशी जुळणार नाही. जयपूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या पश्चिमेला असल्याने तिथला सूर्य घड्याळाच्या सुमारे २७ मिनिटं मागे असतो. त्यात पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि अक्षाच्या कलामुळे पडणारा फरक मिसळतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य त्यामुळे १६ मिनिटं पुढे, फेब्रुवारीच्या मध्यावर १४ मिनिटं मागे. नाताळाच्या सुमारास हा फरक शून्यावर येतो, तेव्हा नुसती २७ मिनिटं मिळवली की भागतं. गर्दी असली तरी आमची तारीख त्या बाबतीत झकास होती.

हिवाळ्यात गेलात तर नाडीवलय या दोन तबकड्यांच्या सूर्यघड्याळाची फक्त दक्षिणेकडची तबकडी चालते. उत्तरेकडची सावलीत असते, ती बिघडलेली नाही. राशिवलयाशी, म्हणजे राशीगणिक एक अशा बारा यंत्रांशी, मात्र वेळ घालवू नका. तिथे जो तो आपल्या राशीपाशी उभा राहून फोटो काढतो आणि गाइड भविष्याकडे वळतात.

जयप्रकाश यंत्राच्या दोन वाट्या नीट बघा. एकीत जिथे संगमरवर, तिथे दुसरीत माणसाला उतरायची वाट. दोन्ही मिळून आकाशाचा एक अर्धगोल पुरा होतो. हे कळायला मला भावोजींनी दोनदा समजावून सांगावं लागलं.

आपल्याकडचा एक धागाही इथे आहे. जयसिंगाने पाद्री मानुएल दे फिगेरेदो यांच्याबरोबर १७२७ साली गोव्यामार्गे लिस्बनला माणसं पाठवली. ती फ्रेंच ज्योतिर्विद ला हीरची ग्रहकोष्टकं घेऊन परतली. जयसिंगाने पडताळून पाहिलं, तर चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची तफावत निघाली. युरोपातून आलं म्हणून त्याने ते मुकाट्याने मान्य केलं नाही, हे मला फार आवडलं.

रात्रीच्या ताऱ्यांसाठी सुमारे ८० किलोमीटरवरच्या सांभर सरोवराकडे जा, अमावास्येच्या आसपास. सपाट माळ, क्षितिज मोकळं. अगस्तीचा तारा तिथे मध्यरात्रीच्या सुमारास जेमतेम मूठभर वर येतो, आपल्याकडे तो दोन मुठी चढतो. थंडीला हलक्यात घेऊ नका. गोव्यातली पातळ शाल काही कामाची नाही. कानटोपी आणि जाड स्वेटर जयपुरातच बापू बाजारात घ्या, भाव करून.