सायकल फ्रेमचं काम: टाकीतलं पाणी आणि आर्गनची साखळी

जुन्या सायकलची फ्रेम प्रायमरपर्यंत आली. पण या खेपेला फ्रेमपेक्षा हवेबद्दलच जास्त लिहितोय, कारण ठाण्यात जुलैमध्ये रंगकाम काढलं की रंगापेक्षा पाण्यावरच जास्त वेळ जातो.

रंगाच्या स्प्रे बंदुकीला दाबाची हवा देणारा, वागळे इस्टेटच्या गाळ्यातला कंप्रेसर सेकंडहँड आहे, दोन एचपी, 50 लिटरची टाकी. जुनी टाकी आतून किती गंजलीय ते बाहेरून कळत नाही, म्हणून आधी पाण्याची टेस्ट घेतली. टाकी काठोकाठ पाण्याने भरायची, आत हवा जरासुद्धा ठेवायची नाही, आणि प्लंबरच्या हातपंपाने दाब चढवायचा. प्लेटवर 8 बार (बार म्हणजे दाबाचं माप) लिहिलंय, म्हणून दीडपट, म्हणजे 12 बार. ही टेस्ट हवेने करायचीच नाही. पाणी जवळपास दाबलंच जात नाही, त्यामुळे पत्रा फाटला तर चीळकांडी उडून दाब लगेच उतरतो. तीच टाकी हवेने भरलेली असेल तर पत्र्याचे तुकडे उडतात. अर्धा तास काटा हलला नाही. पायांच्या वेल्डिंगपाशी कोरडं फडकं फिरवलं, तेही कोरडंच राहिलं.

आता पाण्याचा हिशेब. 30 अंशांवरच्या दमट पावसाळी हवेत दर घनमीटरला साधारण 27 ग्रॅम वाफ असते. रिकामी टाकी 8 बारपर्यंत भरताना 400 लिटर हवा आत जाते आणि गार झाल्यावर दोनेक चमचे पाणी तळाला बसतं. कंप्रेसर तासभर सलग चालला तर ते पाव लिटरच्या घरात जातं. त्यामुळे काम संपलं की ड्रेन कॉक, म्हणजे तळाचं पाणी सोडायची तोटी, उघडायचाच. आमचा कॉक बरोबर टाकीच्या पोटाखाली, हात घालायचा तर जमिनीवर आडवं व्हावं लागायचं. मग कोण रोज उघडतंय! एल्बो आणि छोटा पाइप लावून बॉल व्हॉल्व्ह बाजूला काढला. पहिल्यांदा निघालं ते चहाच्या रंगाचं, तेलकट.

तेवढ्यानेही बंदुकीतले थेंब थांबत नाहीत. टाकीतून हवा गरमच निघते, ती नळीत गार होते आणि पाणी थेट रंगावर पडतं. म्हणून मध्ये सहा मीटर जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप भिंतीवरून किंचित उतार देऊन फिरवला. शेवटी खाली एक नळकांडं आणि कॉक, हवा मात्र पाइपच्या वरच्या अंगाने घेतली, आणि वॉटर ट्रॅप त्याच्याही पुढे. पीव्हीसी स्वस्त पडतं, पण हवेच्या लाइनला नको. ते फुटतं तेव्हा त्याच्या सुऱ्या होतात.

कंप्रेसर आपोआप बंद करणारा प्रेशर स्विच 7 बारवर उतरवलाय, बंदुकीला दोन-तीन बार पुरतात. सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग अधूनमधून ओढून बघतो. आणि अंगावरची धूळ हवेने उडवणं बंद, कोणी कितीही हसलं तरी.

टिग वेल्डिंगसाठी (यात वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून आर्गन गॅस सोडतात) 10 लिटरचा निळा आर्गन सिलिंडर आलाय. 150 बारला 1500 लिटर गॅस, मिनिटाला आठ लिटरने तीन तासांचा आर्क. तो पडू नये म्हणून बांधायच्या साखळीसाठी पार्टिशनला भोक पाडत होतो तर शेजारच्या गाळ्यातले फॅब्रिकेशनवाले काका म्हणाले, "अरे, पत्र्याला कसली साखळी मारतोस? कॉलमला मार." मारली, अँकर फास्टनरने, उंचीच्या दोन-तृतीयांशावर. सिलिंडर आडवा झाला आणि व्हॉल्व्ह तुटला तर तो भिंतही बघत नाही. म्हणून हलवताना रेग्युलेटर काढून व्हॉल्व्हवर टोपी आधी. उघडताना रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल, आपण बाजूला उभं, आणि हळू. गळती बघायला जोडांवर साबणाचं पाणी. आर्गनला वास नाही, हवेपेक्षा जड आहे, बंद गाळ्यात तळाशी साचतो आणि श्वास घ्यायला ऑक्सिजन उरत नाही. पाऊस आत आला तरी वेल्डिंगच्या वेळी शटर अर्धं वर.

रंगाचा शेवटचा हात अजून बाकी आहे. ट्रॅपच्या पुढे सिलिका जेलचा (ओल शोषणाऱ्या दाण्यांचा) ड्रायर लावावा म्हणतोय. कोणी लावला असेल तर दाणे या हवेत किती टिकतात आणि तव्यावर भाजून परत चालतात का, तेवढं सांगा.