सीडी १०० ची नोंदवही: पुढचं चाक, खाल्लेले स्क्रू आणि नागदेवीची खरेदी

मामाच्या जुन्या सीडी १०० मोटरसायकलचं पुढचं चाक पूर्ण झालं. कार्ब्युरेटर उघडून, धुऊन परत जागेवर गेला. क्लच कव्हरचे स्क्रू अखेर सुटले. वायरिंगला अजून हात लावलेला नाही आणि टाकीचा रंग दिवाळीनंतरच. यावेळी पाना फिरवण्यापेक्षा सामान शोधण्यात जास्त वेळ गेला, आणि त्यात जे कळलं ते जुनी शंभर सीसी सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी १९९२ ची हिरो होंडा सीडी १००. मामाची. परळहून अंधेरीपर्यंतची नोकरी त्याने तिच्यावर काढली, आता ती लालबागला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये असते. ९७.२ सीसी, ५० एमएम बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ४९.५ एमएम स्ट्रोक (पिस्टनची धाव). हे मॉडेल १९८५ ला आलं. १९९४ ला स्प्लेंडर आली ती याच कुळातलं इंजिन घेऊन, आणि हिरो-होंडाची फारकत झाली तरी ९७.२ सीसीचं हे घराणं चालूच राहिलं. आपल्या खिशाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. यामाहा आरएक्स १०० वाले मित्र एकेका ओरिजिनल पार्टसाठी काय मोजतात ते बघितलं की जाणवतं. सीडीच्या इंजिनाच्या आतलं बरंचसं सामान स्प्लेंडरच्या नावाने कुठल्याही नाक्यावर मिळतं. फक्त जुना पार्ट सोबत न्यायचा आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून बघायचा. पिस्टन घेताना बोअर तर बघाच, पण पिस्टनच्या पिनचा व्यासही व्हर्निअरने (बारीक माप घेणारं हत्यार) मोजा. अडतं ते बाहेरचं: टाकीवरचा बिल्ला, साइड पॅनल, सीटचं कव्हर, चेन कव्हर.

आता पुढचं चाक. मडगार्डजवळ हात धरून चाक फिरवलं की हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) खरखर लागायची. ॲक्सल (चाकाचा दांडा) काढला, जुनी बेअरिंगं आतून ठोकून बाहेर काढली आणि डिझेलने पुसली. गंजाच्या थराखाली आकडे होते. हेच आकडे घेऊन मस्जिद बंदर स्टेशनला उतरलो आणि बेअरिंग, बोल्ट, हत्यारांचा बाजार असलेल्या नागदेवी स्ट्रीटवर गेलो. दुकानात "सीडी हंड्रेडच्या पुढच्या चाकाची" म्हणालो तर काउंटरवरचे काका म्हणाले, "गाडी का नाम मत बोलो, नंबर बोलो." गाडीच्या नावाने मागितलं की स्पेअर पार्टच्या दुकानातला डबाबंद माल पुढे येतो. नंबराने मागितलं की तीच वस्तू, त्याच मापाची, चांगल्या कंपनीची, बऱ्याचदा कमी पैशात मिळते, कारण पंप, पंखे, यंत्रं, सगळ्यांना तीच लागते.

बेअरिंगचा नंबर वाचायला सोपा आहे. ६२०१ म्हणजे आतला व्यास १२ एमएम, बाहेरचा ३२, जाडी १०. ६२०२ म्हणजे १५, ३५, ११. ६३०१ चा आतला व्यास १२ च, पण ते बाहेरून ३७ आणि जाडीला १२, म्हणजे जास्त दणकट. पुढे '२आरएस' असेल तर दोन्ही बाजूंना रबराचं सील. मुंबईच्या पावसात चाकाला हेच घ्या, उघडं बेअरिंग घेऊ नका. 'सी३' म्हणजे आतली मोकळीक थोडी जास्त. जुन्या बेअरिंगवर ते नसेल तर मागायची गरज नाही. माझ्या चाकात काय निघालं ते मुद्दाम लिहीत नाही. एवढ्या वर्षांत कुणी हब बदललेलं असू शकतं, तेव्हा आपापल्या हबमधला आकडा वाचून घ्या.

बनावट मालाचा धोका खरा आहे. एसकेएफचं खोकं असेल तर त्यांचं ऑथेंटिकेट नावाचं ॲप आहे, फोटो पाठवून खात्री करता येते. एनबीसी हा आपला जयपूरचा ब्रँड, स्वस्त आणि चांगला. पक्कं बिल मागा. पक्कं बिल देणारा दुकानदार सहसा खोटं खोकं ठेवत नाही, असा माझा अनुभव.

बसवताना बेअरिंग तासभर फ्रीझरमध्ये ठेवलं आणि हब ड्रायरने गरम केलं. बाहेरच्या रिंगएवढ्या मापाचा सॉकेट ठेवून हलके ठोके दिले. ठोका आतल्या रिंगवर बसला तर नवं बेअरिंग तिथेच खराब होतं. दोन बेअरिंगांच्या मधली नळी आठवणीने टाका. ती नसेल तर ॲक्सल आवळताच बेअरिंगं बाजूने दाबली जातात आणि चाक जाम होतं.

ऑइल सीललाही (तेल बाहेर येऊ न देणारी रबरी रिंग) हाच न्याय. सीलच्या पाठीवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. तेवढे सांगितले की काम झालं.

चाक बाहेर होतंच म्हणून ब्रेकही बघितले. ड्रम पुसताना तोंडाने फुंकर मारू नका. जुन्या लायनरमध्ये (ब्रेक शूवरचा घासणारा थर) ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. ड्रमच्या आत कमाल व्यास कोरलेला असतो, व्हर्निअरने मोजून त्याच्याशी ताडून बघा. ब्रेक शू उघडणाऱ्या कॅमला ग्रीस अगदी बोटाच्या टोकावर राहील एवढंच. ब्रेक शूच्या बाबतीत मी घासाघीस करत नाही. काउंटरवर निम्म्या किमतीची जोडी मिळते, पण तिचं लायनर काचेसारखं कडक असतं आणि ओल्या रस्त्यावर, पेव्हर ब्लॉकवर गाडी थांबत नाही. टायरचंही तसंच. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. बारीक मापाचे टायर दुकानात पडून असतात, म्हणून पैसे द्यायच्या आधी तो शिक्का वाचा. ब्रेक शू, टायर, ब्रेकची केबल: या तिन्हींना चांगल्या कंपनीचंच घ्यायचं आणि बाकीकडे वाचवायचं, असं मी ठरवून टाकलंय.

स्क्रूंची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आधीच्या गॅरेजमध्ये क्लच कव्हरच्या स्क्रूंची डोकी पार खाल्ली होती. दोष नुसत्या ताकदीचा नाही, पेचकसाचा आहे. होंडाच्या जुन्या इंजिनावरचे फुलीचे स्क्रू जपानी मानकाचे, म्हणजे जेआयएस. डोक्यावर बऱ्याचदा एक बारीक ठिपका असतो. आपल्याकडचा नेहमीचा फिलिप्स पेचकस त्यात पूर्ण खोल बसत नाही, जोर लावला की वर सरकतो आणि फुलीच्या कडा गोल करून टाकतो. त्यात कव्हरचे एम६ (६ एमएम जाडीचे) स्क्रू तीन नंबरच्या टोकाचे असतात आणि आपण सगळे दोन नंबरचा पेचकस घालतो. तीन नंबरचा जेआयएस पेचकस घ्या. व्हेसल ही जपानी कंपनी तो बनवते, ऑनलाइन मिळतो. ज्या पेचकसाच्या मुठीवर हातोडी मारली की टोक थोडं फिरतं असा असेल तर उत्तम. महाग वाटेल, पण एका कव्हरचे स्क्रू लेथवाल्याकडून काढून घ्यायला त्याहून जास्त जातात.

माझे जे अडले होते त्यांच्यावर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारलं. सकाळी हीट गनने कव्हर तापवलं, पेचकस सरळ उभा धरून हातोडीचा एक ठोका खाली दिला आणि मग हातोडीच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरने सोडवले. 'टक' असा कोरडा आवाज आला की समजायचं, सुटला. दोन पूर्ण गुळगुळीत झाले होते, त्यांची डोकी ड्रिलने उडवली. कव्हर निघाल्यावर उरलेला दांडा पकडीने हातानेच फिरला.

त्या जागी ॲलन बोल्ट टाकतोय. तेही नागदेवीचेच, किलोवर किंवा डझनावर मिळतात. लांबी प्रत्येक भोकाला वेगळी असते, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून, भोकं पाडून, प्रत्येक जुना स्क्रू आपापल्या जागी खोचला आणि तो पुठ्ठाच दुकानात नेला. स्टेनलेस घेणार असाल तर आट्यांना कॉपर ग्रीस लावाच. आपल्या खाऱ्या दमट हवेत ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस बोल्ट कोरडा बसवला की काही पावसाळ्यांनी तो निघतच नाही. आणि आवळताना एम६ ला साधारण १० न्यूटन मीटर पुरे. कार गॅरेजवाला मोठा टॉर्क पाना इथे कुचकामी आहे, ५ ते २५ चा छोटा घ्या.

बाकी हत्यारं थोडकीच लागतात. ८ ते १७ चे रिंग पाने आणि टी पाने टपारियाचे. आपल्या नाशिकचे, माझ्याकडचे कित्येक वर्षं झिजलेले नाहीत. बारीक प्लगसाठी १६ चा प्लग पाना, टॅपेटसाठी, म्हणजे व्हॉल्व्हची फट मोजायला, फीलर गेज, एक डिजिटल व्हर्निअर, एक मल्टिमीटर. मॅग्नेट (क्रँकवरचं चुंबकाचं चाक) काढायचा पुलर मात्र याच इंजिनाचा घ्या, तीन पायांचा सार्वत्रिक पुलर लावून मॅग्नेटची कड तोडू नका. टॅपेट बघताना इंजिन थंड हवं आणि मॅग्नेटवरची 'टी' खूण जुळलेली असताना दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) सैल लागले पाहिजेत. सैल नसतील तर मॅग्नेट एक फेरी आणखी फिरवा.

कार्ब्युरेटरमध्ये तळाला हिरवट-पांढरा थर होता. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. मुंबईत ओलीला तोटा नाही. गाडी पंधरवडाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून फ्लोट बाउलचा (कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीचा) खालचा ड्रेन स्क्रू सोडा आणि बाउल रिकामा करा. जेट (बारीक भोकाचा पितळी तुकडा, ज्यातून पेट्रोल जातं) साफ करायला तार किंवा पिन वापरू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं झालं की मिक्श्चर बिघडतं. नायलॉनचा धागा आणि कार्ब क्लीनर पुरतो. बाजारात जो रिपेअर किट मिळतो त्यातली रबरं आणि पॅकिंग वापरा, जेट मात्र जुनेच ठेवा. किटमधल्या जेटवर आकडा बरोबर असला तरी भोक तेवढंच असेल याचा मला भरवसा नाही.

पेट्रोलची नळी बदलली. पारदर्शक प्लॅस्टिकची स्वस्त नळी दिसायला छान, पण इथेनॉलने पिवळी पडून कडक होते आणि कॉकच्या तोंडाशी चिरते. इंधनासाठीचीच रबरी नळी घ्या, फुटावर मिळते. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोकही बघा. ते बुजलं की गाडी थोडं अंतर चालून पेट्रोल संपल्यासारखी बंद पडते आणि आपण उगाच कार्ब्युरेटर उघडत बसतो.

बाजाराबद्दल थोडं. नागदेवीला रविवारी जाऊ नका, बंद असतं. चोर बाजार शुक्रवारी पहाटे, उजाडायच्या सुमाराला. मटण स्ट्रीटच्या आसपास रस्त्यावर जो माल पसरतात त्यात जुन्या गाड्यांचे स्विच, मीटरचे तुकडे, बिल्ले सापडतात. बिल्ला, आरशाचा दांडा, कॅरिअर असं तिथून जरूर घ्या. बेअरिंग, ब्रेक, इग्निशनचं सामान तिथून घेऊ नका. कुर्ल्याला सीएसटी रोडवर मोठ्या गाड्यांचा पसारा जास्त, तरी चिकाटी असेल तर हब आणि रिम मिळतात. ऑपेरा हाउसची दुकानं केबल, रबर बूट, बल्ब यांसाठी बरी. पार्किंगमध्ये गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर घालत असाल तर काढा. आत घाम धरतो आणि क्रोम फुलतं. कापडी कव्हर घ्या.

पुढचं काम म्हणजे क्लच कव्हर उघडंच आहे तोवर आतला सेंट्रिफ्युगल फिल्टर धुणं. या इंजिनाला बाहेरून बदलायचा ऑइल फिल्टर नाही. क्रँकवर फिरणारी एक वाटी असते, तिच्यात गाळ फेकला जाऊन चिकटतो, आणि खाली एक जाळी. ऑइल कितीही चांगलं घाला, ही वाटी वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. ऑइल आणून ठेवलंय, डब्यावर 'जासो एमए' हा मोटरसायकलच्या ऑइलचा शिक्का बघून, कारण क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलने तो सरकू शकतो.

मग वायरिंग. तयार हार्नेस (वायरींचा जुडगा) घेणार नाही. विजेच्या सामानाच्या बाजारातून, लोहार चाळीतून, ०.७५ आणि १ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर मीटरवर आणून जुन्या रंगांप्रमाणेच बांधणार: होंडात हिरवी अर्थची, लाल बॅटरीची, काळी स्विचनंतरच्या प्लसची. हेडलाइट मंद आहे, पण नवा बल्ब घेण्याआधी हिरव्या वायरचा फ्रेमवरचा प्रत्येक जोड उघडून, घासून, मल्टिमीटर लावून बघायचाय.