नवेगावबांधच्या पाळीवर

रविवार, ११ जानेवारी २०२६. रात्री साडेनऊ.

अंगणातली शेकोटी विझत आली आहे आणि आतल्या खोलीत हिचे आणि मावशींचे बोलणे अजून चालूच आहे. आजचा सबंध दिवस आम्ही नवेगावबांधच्या तलावावर घालवला. परवा यवतमाळकडे परतताना एसटीच्या धक्क्यांत यातले बरेचसे विस्कटून जाईल, म्हणून ते आजच लिहून ठेवतो.

लग्नाला सव्वीस वर्षे झाली, तरी गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या या गावात मी आज दुसऱ्यांदाच मुक्कामाला आहे. हिचे माहेर याच भागातले. आईवडील दोघेही गेल्यावर आता मावशींचे घर हेच माहेर. आमच्या कापसाच्या शिवारातून इकडे आले की पहिला फरक डोळ्यांना जाणवतो, तो जमिनीच्या आखणीचा. आमच्याकडे या दिवसांत वेचणी संपत आलेल्या पऱ्हाट्या वाळत उभ्या असतात आणि शेत एका नजरेत संपते. इथे मात्र शेताच्या लहान लहान बांध्या केलेल्या असतात, प्रत्येक बांधीला तिचे धुरे, म्हणजे मातीचे बांध, असतात, आणि धान निघून गेलेल्या त्या बांध्यांत उरलेल्या ओलीवर लाखोरी हिरवीगार पसरलेली असते, मधूनच जवसाचा निळा तुकडा दिसतो. सकाळी आठ वाजता जीप निघाली तेव्हा आम्ही सात जण होतो: मावशी, मावसाजी, त्यांचा मुलगा आणि सून, त्यांचा सहा वर्षांचा नातू आणि आम्ही दोघे. वाटेत ही एकेका बोडीकडे, म्हणजे लहान तळ्याकडे, बोट दाखवून ती कोणाची, हे त्या मुलाला सांगत होती, आणि तिची भाषा गावागणिक बदलत चालली होती. आमच्या घरी माझी आई डोळ्याला ‘डोया’ म्हणे, हिच्याकडे ‘डोरा’ म्हणतात. सव्वीस वर्षे माझ्या घरात जपून बोलणारी ही बाई आज ‘पानी’, ‘डोरा’ असे बिनदिक्कत बोलत होती आणि मोठ्याने हसत होती.

नवेगावबांधच्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभे राहिल्यावर बराच वेळ मी काही बोललो नाही. चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये सुमारे अकरा चौरस किलोमीटर पाणी, असे कोणी सांगितले असते तर मी मान डोलावली असती, पण ते डोळ्यांसमोर असणे निराळे आहे. पाण्यावर धुक्याचा पातळ थर होता, तो उन्हाबरोबर सावकाश उचलला गेला आणि पलीकडचे डोंगर एकामागून एक पुढे आले. मला तो तलाव निसर्गाचाच वाटला, आणि तसे मी म्हणालोही. मावसाजींनी काठीने पाळीवर दोनदा ठोकले.

“जवाईबापू, डोंगर होतेच. मधल्या फटी तेवढ्या बुजवल्या. पन त्या बुजवायला मानूस लागला.”

तो माणूस म्हणजे कोलू पाटील कोहळी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने हा तलाव बांधला, असे परंपरा सांगते. भोवतीच्या शिखरांपैकी एकावर त्याचे ठाणे आहे, आणि आज त्याला कोलासुर देव म्हणून पुजतात. ज्या सात शिखरांच्या मध्ये हे पाणी अडवले आहे, त्यांना सात बहिणी म्हणतात. पाळ बांधताना त्या देवींनी कोलूला हात दिला, अशी श्रद्धा आहे. तलाव बांधणाऱ्या माणसाला देव करावे आणि त्याच्या मदतीला आलेल्या डोंगरांना बहिणी मानावे, यातली कृतज्ञता मला फार मोलाची वाटली. आमच्या गावात विहीर खोदणाऱ्याचे नाव दोन पिढ्यांनंतर कोणाला आठवत नाही.

१९७५ साली इथले जंगल राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात त्याचा समावेश झाला. डॉ. सालिम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्यही इथेच आहे. मावशींच्या मुलाने दुर्बीण आणली होती आणि तो बदकांची नावे सांगत होता; त्यांतली निम्मी माझ्या लक्षात राहिली नाहीत. पाण्यावरच्या पानांवरून पावले टाकत जाणारा कमळपक्षी मात्र राहिला. दुपारी मोहाच्या झाडाखाली चटई अंथरून आम्ही जेवलो. भात, झिंग्यांची भाजी आणि लाखोरीच्या डाळीचे वडे होते, आणि मावशींनी मला ‘जवाई आहे’ म्हणून चार वडे जास्तच वाढले.

जेवणानंतर मावसाजी तलावांविषयी बोलू लागले, आणि आजच्या दिवसाचा खरा भाग तिथून सुरू झाला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे लहानमोठे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात आणि त्याचे लघुरूप करून सगळे ‘मामा तलाव’ म्हणतात. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची पद्धत, संपली आणि तलाव सरकारच्या ताब्यात गेले. पाण्यावरचे आणि मासेमारीचे गावाचे हक्क निस्तार पत्रकात लिहिलेले राहिले, पण तलाव आपला, म्हणून दर उन्हाळ्यात गाळ काढायला आणि पाळीला माती टाकायला गाव एकत्र निघत असे, ते हळूहळू थांबले. मावसाजींच्या गावचा तलाव नवेगावच्या मानाने ओंजळीएवढा. त्याच्या काठाने आता बेशरमची झुडपे माजली आहेत, आणि पोटात इतका गाळ साचला आहे की पूर्वी होळीपर्यंत टिकणारे पाणी संक्रांतीलाच तळ दाखवते. हे सांगताना त्यांचा आवाज खाली आला होता.

त्यांच्या तरुणपणी तलावाला पानकर असे. भारी धान निसवायला आले आणि हस्तात पावसाने दगा दिला की तलावातले पाणी हाच आधार. तुडुमाला, म्हणजे पाणी सोडण्याच्या तोंडाला, वरून खाली भोके असत. पाणी उतरत जाईल तसे खालचे भोक उघडायचे. कोणाच्या बांधीत किती वेळ पाणी राहील ते पानकराने ठरवायचे, रात्री कंदील घेऊन धुऱ्यांवरून फिरायचे आणि त्याबद्दल घरटी धान घ्यायचे. मी विचारले की सुरुवात पाळीजवळच्या बांधीपासून होत असेल. मावसाजी उत्तर देणार तोच ही बोलली.

“नाही. आमच्या गावात शेवटच्या बांधीपासून. जवळच्याला पाणी केव्हाही मिळतं. बाबा आधी टोकाला जायचे. कंदील माझ्या हातात असायचा.”

हिचे वडील काही वर्षे गावाचे पानकर होते, हे मला आज कळले. सव्वीस वर्षांत मी विचारले नव्हते.

आणि मला आमच्या लग्नानंतरचा पहिला एप्रिल आठवला. विहीर आटली होती, गावात टँकर येऊ लागला होता आणि चौकातल्या घरांचे गुंड भरून होईपर्यंत टोकाच्या वस्तीला काही उरत नसे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ही टँकरजवळ उभी राहून म्हणाली की आज खालच्या वस्तीने आधी भरावे. बायकांत गलका झाला. संध्याकाळी आई तिला म्हणाली, की तलावांच्या मुलखातून आलेल्या नव्या सुनेने आम्हाला पाणी शिकवू नये. आईचा स्वभाव तुसडा नव्हता. पाण्यासाठी तिने जन्मभर जे सोसले होते, ते त्या वाक्यात होते. पण मी ओट्यावर बसून सगळे ऐकले आणि एक शब्द बोललो नाही. त्यानंतर ही टँकरवर कधी काही बोलली नाही. ज्या घरात पाणी भरपूर, तिथून ही आली, म्हणून हिला आमची टंचाई समजत नाही, असेच मीही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात आमच्या घरात पाणी वाटून घ्यायचे शिक्षण मिळालेली ती एकटीच होती.

परतीच्या आधी आम्ही दोघेच पाळीवरून थोडे पुढे चालत गेलो. ऊन तिरपे झाले होते आणि सात बहिणींच्या सावल्या पाण्यात उतरत होत्या. मी तिला त्या एप्रिलची आठवण आहे का म्हणून विचारले. तिला दिवससुद्धा आठवत होता. तो शुक्रवार होता.

“बाबांचं तेव्हाच का सांगितलं नाहीस?”

“तेव्हा कोणी विचारलं नाही,” ती म्हणाली. रागाने म्हणाली नाही, आणि त्यामुळे ते मला अधिक लागले. मी तिची क्षमा मागितली. ती काही बोलली नाही, पण पाळीचा उतार आला तेव्हा तिने माझा हात धरला आणि जीपपर्यंत सोडला नाही.

आत आता मावशींचा आवाज थांबला आहे. उद्या सकाळी सहाला ही मला तिच्या वडिलांच्या गावच्या तलावावर नेणार आहे. इथून अडीच कोस चालत, धुऱ्यांवरून जायचे आहे. तुडूम अजून शाबूत आहे का, हे तिला पाहायचे आहे. मावसाजींनी त्यांची काठी आणि एक टॉर्च दाराशी काढून ठेवली आहे.