घटाला अंडी, वसुबारसेला लस

गेल्या वर्षी भाद्रपदात मोटारसायकलवर पाटी लावून येणाऱ्या एका माणसाकडून मी गिरिराजा जातीच्या कोंबड्यांची वीस पिल्लं घेतली. लस झालीय, असं त्यानं सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. तिसऱ्या आठवड्यात पिल्लं घरघरायला लागली, हिरवट पातळ घाण करू लागली. मग एकेकाची मान वाकडी होऊन ती जागच्या जागी फिरायला लागली. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग. पाच दिवसांत वीसच्या वीस गेली, आणि त्यांच्यापाठोपाठ घरच्या सहा गावठी कोंबड्यांतल्या चार. परड्याच्या कोपऱ्यात खोल खड्डा काढून चुना टाकून पुरताना मी रडले होते. सहा महिने खुराड्याकडं बघवलं नाही.

आमचं घर बेळगावच्या दक्षिणेला, खानापूरच्या बाजूला. तांबडी माती, पावसाळ्यात चार महिने झोड. घराच्या मागं पाच गुंठे परडं आहे, त्यात एक फणस, दोन आंबे, विहीर आणि भाजीचे वाफे. यंदा पुन्हा कोंबड्या करायच्या असं ठरवलं तेव्हा आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एकच गोष्ट सांगितली. "पिल्लं इकत घेऊ नको. आपली खुडूक बसव, आणि घटाच्या दिवशी बसव की. पाऊसबी सरतोय, थंडीबी लागायची न्हाई." खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसू बघणारी कोंबडी.

ही नुसती रीत नव्हे, हे मला पुढं पटत गेलं. आमच्याकडं श्रावण-भाद्रपदात जमीन सुकतच नाही. खुराड्यातलं तूस ओलं राहतं आणि ओल्या तुसात रक्ती हगवण वाढते. शिवाय आई नसलेल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, आणि आमच्याकडं पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा भरवसा नसतो. गेल्या वर्षी मी दोन रात्री तव्यावर विटा तापवून कापडात गुंडाळून ठेवल्या होत्या. कोंबडीच्या पंखाखाली हा सगळा प्रश्नच उरत नाही.

घट बसायच्या आधीचे पंधरा दिवस परड्यात गेले. दोडक्याचे आणि काकडीचे वाळलेले वेल मांडवावरून उतरवले. बांधावरचं गवत कापलं. वाफे कुदळीनं एक वीत खोल उकरले आणि ढेकळांतून हुमणी बाहेर यायला लागली, पांढरी, बोटाएवढी जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली. मी पूर्वी ती वेचून रॉकेलच्या डब्यात टाकायची. यंदा उरलेल्या दोन्ही कोंबड्यांना आणि आईकडून आणलेल्या तिघींना आठ दिवस त्या वाफ्यांतच सोडलं. सकाळी मी उकरायची आणि त्या माझ्या कुदळीला चिकटून चालायच्या. हुमणी संपली, तणाचं बीही पुष्कळ संपलं. त्यानंतर मात्र सगळ्या वाफ्यांना कंबरेइतकी नायलॉनची जाळी मारली, कारण मेथी, मुळा, कोथिंबीर पेरली की त्याच कोंबड्या एका सकाळीत सगळं विस्कटतात. रोपाला चार पानं आल्याशिवाय जाळी काढत नाही.

खताची एक चूक इथंच सांगून टाकते. तीन वर्षांपूर्वी खुराड्यातली ताजी घाण मी थेट मिरचीच्या आणि नवलकोलच्या बुडात घातली होती. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या. कोंबडीचं खत गरम असतं असं म्हणतात ते खरं आहे. त्यातला अमोनिया ताजेपणी मुळं जाळतो. आता मिरगाला खड्डा सुरू करते. फणसाचा आणि आंब्याचा पाचोळा एक थर, खुराड्यातलं तूस आणि घाण एक थर, असं भरत जाते आणि पावसानं निचरून जाऊ नये म्हणून वर जुना पत्रा टाकते. हस्ताच्या पावसापर्यंत ते काळं, भुसभुशीत होतं आणि वास मातीचा येतो. तोवर हात लावायचा नाही. पाचोळा जाळणाऱ्यांना मी आता हात जोडून सांगते, जाळू नका, मला द्या.

घटस्थापनेच्या दिवशी संध्याकाळी तांबड्या कोंबडीखाली तेरा अंडी ठेवली. दुरडीत खाली राख, त्यावर भाताचं काड, आणि पिसवा होऊ नयेत म्हणून निर्गुडीचा पाला. अंडी आठ दिवसांच्या आतली, न धुतलेली. तिला दिवसातून एकदा उठवायची, दाणापाणी करून राखेत लोळू द्यायचं आणि पंधरा-वीस मिनिटांत परत बसवायची. आमची तांबडी स्वतःच्या मनानं उठायलाच तयार नसायची, तिला मी दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवायची.

सातव्या रात्री अंडी बघितली. देवघराशेजारच्या खोलीत लाईट बंद करून मोबाईलची बॅटरी अंड्याच्या बोथट टोकाला लावली. पहिल्याच अंड्यात मधोमध काळा ठिपका आणि त्याच्याभोवती तांबड्या रेषांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं जाळं दिसलं. ठिपका हलला. मी आत्तींना हाक मारली. ऐंशी वर्षांच्या बाईनं अंडी उन्हाला धरून बघितलेली, पण एवढं स्पष्ट तिनंही पाहिलं नव्हतं. "अगं, जीव दिसाय लागलाय की," असं म्हणत त्या तिथंच खाली बसल्या. दोन अंडी नुसतीच पिवळसर होती, ती काढली. अकरा राहिली.

याच दिवसांत मोठ्या कोंबड्यांतल्या दोघींची पिसं झडायला लागली आणि अंडी बंद झाली. गल्लीतल्या बायकांना रोगच वाटला. मलाही आधी धस्स झालं, पण खाणंपिणं नीट होतं, मान सरळ होती. दिवस लहान होत जातो तशा कोंबड्या अंडी थांबवून पिसं बदलतात. पीस हे मुख्यतः प्रथिनांचंच बनलेलं असतं, म्हणून या दिवसांत बेळगावच्या रविवार पेठेतून आणलेल्या मक्याच्या भरड्यात शेंगदाण्याची पेंड आणि मूठभर सुकट जास्त घालते. अंडी देत नाही म्हणून या दिवसांत कोंबडी कापू नये असं माझं ठाम मत आहे. नवीन पिसं आली की ती पुन्हा चालू होते.

एकविसाव्या दिवशी, म्हणजे अश्विन वद्य सप्तमीला, दहा पिल्लं निघाली. एक कवचातच गेलं. पहिला दिवस त्यांना काही घातलं नाही, पोटातल्या बलकावर ती निभावतात. दुसऱ्या दिवशी तांदळाची बारीक कणी दिली. पाणी बशीत, आणि बशीत वाटाण्याएवढे खडे, म्हणजे पिल्लू बुडत नाही.

आता खरी गोष्ट लसीची. लासोटा, म्हणजे मानमोडीवरची लस, पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी द्यायची असते. आमच्या तिथीनं पाचवा दिवस वसुबारसेचा होता. श्रावणात मी मोठ्या कोंबड्यांसाठी एकदा लस आणली होती, पर्समध्ये घालून, दीड तास एसटीनं. जनावरांच्या डॉक्टरांनी ती हातात घेऊन बाटली कोमट झालेली दाखवली आणि टाकून द्यायला लावली. ही जिवंत विषाणूची लस असते, दुकानातून पिल्लाच्या डोळ्यापर्यंत ती बर्फात हवी. दुसरी अडचण अशी की बाटली निदान शंभर डोसांची मिळते, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कोण फोडणार?

मग मी आणि शेजारच्या अक्का दारोदार फिरलो. अक्का कन्नड बोलतात, मी मराठी, आणि आमच्या दोघींचं जे मिळून होतं ते सगळ्या गल्लीला कळतं. "नम्दू नाक अदाव नोड्री," आमचीही चार आहेत बघा, असं म्हणत प्रत्येक घरातून आकडा निघायला लागला. नऊ घरांतून लहानमोठे मिळून ८६ जीव झाले. वर्गणी काढली. अक्कांचा मुलगा बेळगावला कामाला जातो, त्यानं येताना दुधाच्या किटलीत बर्फ भरून लस आणली. मोठ्या पक्ष्यांना ती चालेल का, हे डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं. आजारी दिसणाऱ्याला देऊ नका, एवढंच त्यांनी बजावलं.

वसुबारसेला गाय-वासराची पूजा आटोपली आणि दिवेलागणीला आमच्या पडवीत डालगी येऊन बसली. मी एकेक पिल्लू डाव्या मुठीत धरायची, अंगठ्यानं डोकं आडवं करायची, अक्का एक थेंब डोळ्यात सोडायच्या. थेंब पडला की पिल्लू डोळा मिटतं. ते परत उघडेपर्यंत सोडायचं नाही, नाहीतर मान झटकून थेंब बाहेर. एवढ्याशा छातीतली धडधड तळहाताला लागत असते. पन्नास मिनिटांत सगळी झाली. उरलेली लस आणि बाटली उकळत्या पाण्यात घालून मग पुरली.

चार आठवड्यांनी दुसरी मात्रा पाण्यातून दिली. नळाचं पाणी चालत नाही, त्यात टाकलेलं औषध लस मारतं. म्हणून विहिरीचं पाणी घेतलं, लिटरला पाच ग्रॅम दूधपावडर घातली आणि त्याआधी दीड तास पिल्लांना तहानलेलं ठेवलं. तेव्हा शिवारात भातकापणी चालू होती, कापलेल्या वाफ्यांत मसूर पडत होता, आणि गिरणीतून ताजं तूस पोत्यानं मिळायला लागलं होतं.

एक पिल्लू घारीनं उचललं, तांबडी तिच्यामागं कुंपणापर्यंत धावली. नऊ राहिली. मार्गशीर्षात डॉक्टरांनी पंखाखाली तिसरी लस टोचली तेव्हा तुरे बघून कळलं, चार कोंबडे आणि पाच तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या. दोन तलंगा मी डालग्यात घालून अक्कांच्या दारात नेऊन ठेवल्या. त्यांनी आत बोलावलं, हळदीकुंकू लावलं आणि पावट्याच्या शेंगांनी माझं सूप भरून दिलं.